मोटरहोममधला लांबचा प्रवास : सर्व्हिस डॉग सोबत असताना

मोटरहोममध्ये झोपायची जागा, ओटा, फ्रिज, संडास आणि न्हाणी हे सगळे ड्रायव्हरच्या सीटमागेच असते. अमेरिकेसारख्या अवाढव्य देशात हिंडणाऱ्या दिव्यांग माणसाला हे वाहन मानवते ते याच कारणाने. आधाराचा दांडा रोज त्याच जागी सापडतो, इन्सुलिन स्वतःच्या फ्रिजमध्ये राहते आणि व्हीलचेअर दारातून जाईल की नाही याची दर मुक्कामी नव्याने चौकशी करावी लागत नाही. सोबतच्या सर्व्हिस डॉगलाही हे सोयीचे पडते. हॉटेलची खोली दर रात्री बदलते. मोटरहोममध्ये त्याची गादी, पाण्याचे भांडे आणि बाहेर पडायचे दार जिथल्या तिथे असते. पण हे स्थैर्य दाराच्या आतपुरतेच. बाहेरचे जग रोज बदलते आणि कुत्र्याचे बरेचसे काम बाहेरच असते. म्हणून प्रवास आखताना आज किती किलोमीटर कापायचे याआधी, कुत्रा उद्या काम करण्याच्या स्थितीत राहील का, हे पाहावे लागते.

कायदा काय देतो

अमेरिकेत सर्व्हिस डॉगला पाळीव कुत्र्याहून वेगळे स्थान मिळते ते प्रामुख्याने १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’मुळे. या कायद्याखालचे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू आहेत. अपंगत्वाशी थेट संबंध असलेले एखादे ठरावीक काम करण्याचे प्रशिक्षण मिळालेला कुत्रा, ही त्यांतली व्याख्या. अंध व्यक्तीला वाट दाखवणे, ऐकू न येणाऱ्याला आवाजाची सूचना देणे, पडलेली वस्तू उचलून देणे, रक्तातली साखर उतरल्याचे कळवणे, झटका आल्यावर मदत मिळवणे ही अशी कामे होत. केवळ सोबतीने धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही.

कॅम्पग्राउंडच्या कचेरीत कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजाराचा तपशील, ओळखपत्र, प्रमाणपत्र किंवा प्रात्यक्षिक मागता येत नाही. कुत्र्याच्या अंगावर जॅकेट असलेच पाहिजे असेही नाही. पाळीव प्राण्यांसाठीचे जादा शुल्क, ठरावीक जातींवरची बंदी, वजनाची मर्यादा हे नियम त्याला लागत नाहीत. मोटरहोम भाड्याने देणाऱ्या कंपनीलाही हे बंधन आहे. मात्र कुत्र्याने नुकसान केले आणि तशा नुकसानीची भरपाई इतर ग्राहकांकडूनही घेतली जात असेल, तर ती द्यावी लागते. कुत्रा आवरत नसेल किंवा आत घाण करत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते. पोहण्याच्या तलावाच्या काठावर त्याला नेता येते, पाण्यात उतरवण्याचा हक्क नाही.

पैसे भरून इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘नोंदणी प्रमाणपत्रां’ना कायद्याने काहीही किंमत नाही. ती विकत घेणे टाळावेच. अशा कागदांच्या आधारे न शिकलेली कुत्री सर्रास आत आणली जातात आणि त्याचा त्रास खऱ्या सर्व्हिस डॉगना भोगावा लागतो. एका भुंकणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यामुळे शिकलेल्या कुत्र्याचे कामावरचे लक्ष बराच काळ उडू शकते. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत खोटा दावा करणे हा गुन्हा आहे.

दोन ठिकाणी हा कायदा लागू होत नाही, आणि अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना त्या दोन्हींशी वारंवार संबंध येतो. पहिले म्हणजे धार्मिक संस्था. मंदिराला सर्व्हिस डॉग आत घेण्याची सक्ती या कायद्याने होत नाही, त्यामुळे वाटेवरच्या मंदिरात दर्शनाला किंवा गणेशोत्सवाला जायचे असेल तर विश्वस्तांना आधी फोन करणे बरे. दुसरे म्हणजे लोकांची खासगी घरे. नातेवाइकांच्या अंगणात गाडी लावून दोन दिवस राहायचे ठरले, तरी घरात कुत्रा आणण्याबद्दल स्पष्ट विचारून घ्यावे. घरात लहान मूल असेल, कुणाला अ‍ॅलर्जी असेल, तर रात्री मोटरहोममध्येच झोपण्याची सोय हाताशी असतेच.

निघण्यापूर्वी

कायदा कागद मागत नसला तरी कागद जवळ हवेत, कारण ते पशुवैद्याला, सीमेवरच्या अधिकाऱ्याला आणि अडीअडचणीला उपयोगी पडतात. रेबीजच्या लशीचा दाखला, इतर लशींची नोंद, चालू औषधांची नावे व मात्रा आणि मायक्रोचिपचा क्रमांक यांची एक प्रत गाडीत व एक फोनमध्ये ठेवावी. चिप बसवली पण तिच्या नोंदीत जुना फोन नंबर राहिला, हा प्रकार फार आढळतो. निघण्यापूर्वी तो तपासावा. पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर घरचा पत्ता असण्यापेक्षा मोबाइल नंबर असणे जास्त कामाचे. काही राज्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याने अलीकडे दिलेले आरोग्य प्रमाणपत्र मागतात, तेव्हा मार्गावरच्या राज्यांचे नियम पाहून ते काढून घ्यावे.

हृदयात वाढणारा हार्टवर्म हा जंत डासांमुळे पसरतो आणि तो अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आढळला आहे. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या कुत्र्याला याचे औषध दिले जात नसेल, तर फ्लोरिडा किंवा लुइझियानाच्या वाटेला लागण्याआधी ते पशुवैद्याच्या सल्ल्याने सुरू करावे. गाडी लागणाऱ्या कुत्र्याला मॅरोपिटंटसारखे औषध देता येते. गुंगी आणणारी औषधे मात्र टाळावीत, कारण गुंगीतला कुत्रा गाडीतून उतरल्यावर काम करू शकत नाही.

एका गोष्टीची तयारी बहुतेक जण विसरतात. हिरवळीवरच शी-शू करायची सवय लागलेला कुत्रा अ‍ॅरिझोनाच्या खडीवर उभा राहून नुसता बघत राहतो. घरी असतानाच त्याला खडी, वाळू, काँक्रीट अशा जमिनींवर हुकमाने मोकळे व्हायला शिकवावे.

गाडीच्या आत

धावत्या मोटरहोममध्ये कुत्रा मोकळा ठेवणे हा सर्वांत मोठा धोका, आणि गाडी घरासारखी वाटत असल्यामुळेच तो सहज पत्करला जातो. जोराचा ब्रेक लागला की सोफ्यावर झोपलेला तीस किलोचा कुत्रा थेट पुढच्या सीटवर येऊन आदळतो. त्यासाठी अपघात-चाचणी झालेला हार्नेस किंवा पिंजरा घ्यावा. अशा वस्तूंच्या चाचण्या करणारी ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही संस्था अमेरिकेत २०११ पासून काम करते. हार्नेस सीटबेल्टच्या मूळ खुंटीला अडकवावा, टेबलाच्या पायाला किंवा कपाटाच्या कडीला नव्हे, आणि पट्टा गळ्यातल्या कॉलरला कधीही जोडू नये. मधुमेही माणूस स्वतः गाडी चालवत असेल आणि कुत्रा साखर उतरल्याचे कळवत असेल, तर कुत्र्याची जागा ड्रायव्हरच्या मागे, आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर असावी. पंजा लावून कळवणाऱ्या कुत्र्याला प्रवासासाठी भुंकून कळवायला वेगळे शिकवावे लागते. तरीही चालवताना सगळा भार कुत्र्यावर टाकू नये, साखर सतत मोजणारा सेन्सर अंगावर असावा.

डॅशबोर्डचा एसी मोठ्या गाडीच्या मागच्या भागापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हरला गार वाटत असताना मागे जमिनीवर झोपलेला कुत्रा धापा टाकत असू शकतो. म्हणून कुत्र्याच्या उंचीवर एक थर्मामीटर लावावा आणि गरज पडल्यास जनरेटर चालू करून छतावरचा एसी सुरू ठेवावा.

चढ-उताराच्या पायऱ्या जाळीच्या असतील तर त्यांत नखे अडकतात. त्यांवर जाड चटईचे आवरण घातले की कुत्रा निर्धास्त चढतो. मालकाला अंगाचा आधार देणाऱ्या कुत्र्याला या अरुंद पायऱ्यांवर आधार म्हणून वापरणे धोक्याचे आहे. तिथे दांडा धरावा आणि कुत्र्याला आधी किंवा नंतर चढू द्यावे. गाडीचा जो भाग मुक्कामी बाहेर सरकतो, तो स्लाइड-आउट आत घेण्यापूर्वी कुत्रा डोळ्यांसमोर, पट्ट्याने बांधलेला असला पाहिजे. सरकत्या यंत्रणेजवळची फट कुत्र्याला लपायची जागा वाटते.

बहिऱ्या व्यक्तीचा कुत्रा घरच्या स्मोक अलार्मचा आवाज ओळखतो, पण मोटरहोममध्ये तीन वेगळे आवाज असतात : धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा. त्या प्रत्येकाचे चाचणीचे बटण दाबून, कुत्र्याने मालकाला कळवले की बक्षीस देऊन, निघण्यापूर्वी आठवडाभर सराव घ्यावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो आणि कुत्रा झोपतो तोही तिथेच. म्हणून गॅसचा डिटेक्टर खालीच बसवलेला असतो. त्याच्यासमोर गादी किंवा खाद्याची पिशवी येऊ देऊ नये.

उष्णता आणि वीज

बाहेर २१ अंश सेल्सिअस असे सुखद हवामान असतानाही बंद मोटारीतले तापमान अर्ध्या तासात ४० अंशांच्या आसपास जाते. मोटरहोम मोठे असल्याने थोडे सावकाश तापते, पण समोरच्या भल्यामोठ्या काचेतून येणारे ऊन तेही तापवतेच. सर्व्हिस डॉग सहसा मालकाबरोबरच असतो, तरी तो आजारी असताना किंवा त्याला नेता येणार नाही अशा तपासणीसाठी मालक गेलेला असताना त्याला गाडीत ठेवण्याची वेळ येते. त्या वेळी त्याचा जीव विजेवर अवलंबून असतो, म्हणून विजेचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टने ३,६०० वॉट. छतावरचा एकच एसी यातला निम्म्याच्या आसपास भाग खातो. त्यात मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर चालू झाला की ब्रेकर पडतो आणि एसी बंद होतो. कुत्र्याला आत ठेवून जाताना एसीखेरीज बाकी सगळी मोठी उपकरणे बंद करून जावे. भर दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू असताना व्होल्टेज उतरते. उपकरणांचे रक्षण करणारी यंत्रणा १०४ व्होल्टच्या खाली सहसा पुरवठाच तोडते. म्हणजे गाडी वाचते, पण आतला कुत्रा उकाड्यात अडकतो. यावर उपाय दोन. एक, तापमान वाढताच फोनवर संदेश पाठवणारे, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सिमकार्ड असलेले यंत्र. गाडीच्या वाय-फायवर चालणारे यंत्र विजेबरोबरच मुके होऊ शकते. दुसरा उपाय म्हणजे वीज जाताच आपोआप सुरू होणारा जनरेटर. दोन्ही असले तरी पंधरा-वीस मिनिटांत परत येता येईल त्यापेक्षा दूर जाऊ नये. शेजारच्या गाडीतल्या कुणाला तरी सांगून, दारावर फोन नंबर लावून जाणे हा साधा उपाय यंत्रांहूनही भरवशाचा ठरतो.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या आणि लडखडणारी चाल ही उष्माघाताची लक्षणे. अंगावर पाणी ओतून वारा घालत लगेच पशुवैद्याकडे न्यावे. वाटेतही गार करणे थांबवू नये. डांबरी रस्ता तापला आहे का हे पाहण्यासाठी हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवावी. चटका सोसवला नाही तर कुत्र्याला बूट घालावेत. बुटांची सवय मात्र घरीच लावलेली हवी, नाहीतर तो पाय उचलून नाचतो आणि वाट दाखवायचे राहून जाते.

रस्त्यावरचा दिवस आणि मुक्काम

दर दोन तासांनी थांबा आणि दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर, हा वेग सर्व्हिस डॉगला झेपतो. त्याहून जास्त अंतर माणूस कॉफीच्या जोरावर कापू शकेल, पण दिवसभर बांधून बसलेला कुत्रा संध्याकाळी अनोळखी जागी उतरल्यावर चुका करतो. दुपारी उजेड असतानाच मुक्काम गाठावा. अंध व्यक्तीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. गाडीपासून स्वच्छतागृह, कचऱ्याचा डबा आणि कचेरी हे तीन रस्ते कुत्र्याबरोबर लगेच दोनदा चालून घ्यावेत. कॅम्पग्राउंडमधले अडथळे शहरातल्यासारखे नसतात. शेजारच्या गाडीच्या स्लाइड-आउटचा कोपरा आणि छत्रीचा दांडा डोक्याच्या उंचीवर येतो, तर विजेचा खांब, पाण्याचा पाइप आणि शेकोटीचे लोखंडी कडे पायात येते. कुत्रा स्वतः खालून सहज निघून जातो. वरच्या अडथळ्यापाशी थांबायचे त्याला शिकवलेले असले तरी उजळणी लागते. रोज रात्री गाडी उभी केल्यावर अशा एका कोपऱ्यापाशी सराव केला तरी पुरे.

उजळणीइतकीच सुटीही गरजेची आहे. हार्नेस उतरवल्यावर रोज तासभर तरी कुत्र्याला हुंगत, रेंगाळत, मनासारखे फिरू द्यावे. सुंदर कुत्रा पाहून कॅम्पमधली मुले धावत येतात; तो कामावर असताना हात लावू न देणे हे उद्धटपणाचे नाही, आणि शांतपणे सांगितले की लोक ऐकतात. खाद्य नेहमीचेच ठेवावे आणि पुढच्या गावी ते मिळेल अशी आशा न धरता दोन आठवड्यांचा साठा बाळगावा. एका टाइम झोनमधून दुसऱ्यात जाताना जेवणाची वेळ रोज थोडी थोडी सरकवावी. विष्ठा पिशवीत भरून कचऱ्यात टाकावी, गाडीच्या मैल्याच्या टाकीत नव्हे.

हिवाळ्यात बंद ठेवलेल्या मोटरहोममध्ये उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवण्याची पद्धत आहे. वसंतात गाडी बाहेर काढताना सीटखाली, खणांत, पाइपांच्या मागे हात घालून त्या एकूण एक शोधून काढाव्यात. पाण्याच्या नळ्यांत भरले जाणारे गुलाबी अँटिफ्रीझ बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉलचे व कमी विषारी असते, पण इंजिनच्या कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल गोडसर असते आणि त्याचे काही घोटही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. गाडीखाली डबके दिसले की कुत्र्याला आधी दूर करावे. स्वयंपाकघरातला कांदा, लसूण, मनुका आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही त्याला विषारी आहेत.

प्रदेशागणिक धोके

नैऋत्येकडच्या वाळवंटात चोया निवडुंगाचे गोळे पायाला चिकटतात. ते हाताने न ओढता कंगव्याने उडवून काढावेत. अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात मातीतल्या बुरशीमुळे ‘व्हॅली फीवर’ होतो, तेव्हा कुत्र्याला जमीन उकरू देऊ नये. तिथून परतल्यावर काही आठवड्यांनी खोकला, ताप किंवा लंगडणे सुरू झाले तर आपण त्या भागातून आलो आहोत हे पशुवैद्याला आवर्जून सांगावे. पश्चिमेकडे उन्हाळ्यात फॉक्सटेल गवताची कुसळे कानात, नाकात आणि बोटांच्या बेचक्यात शिरून आत सरकत जातात. वायव्येकडे ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या नद्यांकाठी कच्चा सॅमन कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, कारण त्यातून होणारा आजार उपचाराविना प्राणघातक ठरतो. ईशान्येला आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे गोचिडींमार्फत लाइम रोग पसरतो, म्हणून रोज रात्री कानामागे, काखेत आणि हार्नेसच्या पट्ट्यांखाली बोटे फिरवून पाहावे.

राष्ट्रीय उद्यानांत पाळीव कुत्र्यांना बहुतेक पायवाटा बंद असतात, पण सर्व्हिस डॉगला सर्वसाधारणपणे पर्यटक जातात तिथे जाता येते. झायनच्या शटल बसमध्येही तो चालतो. ग्रँड कॅन्यनच्या कड्याखाली उतरायचे असेल तर आधी तिथल्या बॅककंट्री कचेरीत कळवावे लागते. अरुंद वाटेवर खेचरांचे तांडे समोरून येतात आणि उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांवर जाते. हक्क आहे म्हणून जून-जुलैत कुत्र्याला खाली नेणे योग्य नव्हे. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, बायसनपासून २३ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. कुत्रा दिसला की हे प्राणी बिथरतात, म्हणून पट्टा आखूडच ठेवावा. कायमचे अपंगत्व असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ‘अ‍ॅक्सेस पास’ आयुष्यभरासाठी मोफत मिळतो, आणि अनेक संघीय कॅम्पग्राउंडवर त्यामुळे निम्मेच भाडे पडते.

अलास्काला गाडीने जायचे तर कॅनडा ओलांडावाच लागतो. १९४२ मध्ये बांधलेला अलास्का हायवे ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे २,२०० किलोमीटर जातो आणि त्यावर शेकडो किलोमीटर पशुवैद्य भेटत नाही. सीमा ओलांडताच अमेरिकी कायद्याचे संरक्षण संपते. कॅनडात प्रांतागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात सरकारी ओळखपत्राची पद्धत आहे, म्हणून तिथे प्रशिक्षण संस्थेचे पत्र जवळ ठेवणे शहाणपणाचे. परत अमेरिकेत येताना १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप असलेला हवा आणि सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेचा ‘डॉग इम्पोर्ट फॉर्म’ भरल्याची पावती दाखवावी लागते. तो कुत्रा आधीच्या सहा महिन्यांत भारतात जाऊन आला असेल तर नियम बरेच कडक होतात, कारण रेबीजच्या दृष्टीने भारत जास्त जोखमीच्या देशांत मोडतो.

मालकच आजारी पडला तर

दर मुक्कामी कॅम्पचा पत्ता, आपल्या जागेचा क्रमांक आणि जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे नाव कागदावर लिहून दाराच्या आत लावावे. ९११ ला फोन करताना अनोळखी जागी पत्ता आठवत नाही, आणि डोंगराळ भागात मोबाइलला रेंजही नसते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जागा असेल आणि उपचारांत अडथळा येत नसेल तर सर्व्हिस डॉगला मालकासोबत नेता येते. रुग्णालयाच्या साध्या खोलीत तो राहू शकतो, शस्त्रक्रियागृहात किंवा भाजलेल्यांच्या कक्षात नाही. मात्र त्याला खायला घालणे, फिरवणे ही कर्मचाऱ्यांची जबाबदारी नसते. म्हणून निघण्यापूर्वीच एखाद्या नातेवाइकाशी किंवा प्रशिक्षण संस्थेशी बोलून ठेवावे आणि एक चिठ्ठी हार्नेसच्या खिशात घालावी : कुत्र्याचे नाव, खाण्याची वेळ व प्रमाण, औषधे, मोकळे होण्याचा हुकूम कोणत्या शब्दाने द्यायचा तो शब्द, आणि त्याला न्यायला कोण येणार त्याचा फोन नंबर. मराठीत हुकूम ऐकायची सवय असलेल्या कुत्र्याच्या चिठ्ठीत ते शब्द इंग्रजी लिपीत, उच्चाराप्रमाणे लिहावेत.